नोंदीतली दुसरी चाल

चढाच्या वाटेला नको बघू माथ्याकडं,
वहिनी, बघ आपुल्या पुढल्या पावलाकडं.

सतरा वर्षांपूर्वी पन्हाळ्याच्या चढावर प्रणितानं हा आवाज पहिल्यांदा ऐकला होता. लग्न होऊन जेमतेम सहा महिने झालेले, अंगात शुगर, पायात नवेकोरे बूट. आणि दोन पावलं पुढं तिची नणंद केतकी, मागं वळून न बघता गात चाललेली. धाप लागत असताना माणूस गातो कसा, हे प्रणिताला कळायचं नाही. केतकी म्हणायची, "गायलं की श्वास आपोआप मोजला जातो, वहिनी. जात्यावरच्या बाया काय वेड्या होत्या?" चढ संपला की ती दुसरी ओवी जोडायची, तिथल्या तिथं, मनानं रचलेली:

सरली गं चढण, आला उताराचा वारा,
वहिनीच्या कपाळी घाममोत्यांचा पसारा.

आठ वर्षं दोघी अशा शेजारी-शेजारी धावल्या. मग केतकी गेली, त्यालाही आता नऊ वर्षं झाली. वय एकतीस. एका शर्यतीत, बत्तिसाव्या किलोमीटरला. तेव्हापासून प्रणिता एकटी धावत होती, निदान स्वतःपुरता तिचा तसा समज होता.

पहिला निरोप फोनवर आला, तो यंदाच्या महामॅरेथॉनच्या सुटण्याच्या व्यवस्थेबद्दल. शर्यतीला सतरा दिवस राहिले होते. सकाळी रंकाळ्याची फेरी संपवून ती कठड्यावर बसली होती. शेजारी बाबर काका पायातले बूट झटकत होते. वय अडुसष्ट, पोलिसातून निवृत्त, तोंडाचा पट्टा अजून सेवेत.

"काय आलं ओ, गोठा कुठला मिळाला?" त्यांनी विचारलं. सुटण्याच्या रेषेमागं धावकांना ज्या कठडे घातलेल्या कप्प्यांत उभं करतात, त्यांना काका गोठे म्हणत.

"पाचवा कप्पा," प्रणिता म्हणाली आणि पुढची ओळ वाचताना थांबली. "जागा एकशे चौदा आणि एकशे पंधरा."

"दोन? आमाला एक मिळंना धड. आमचा अकरावा गोठा. आमी सुटूस्तोवर पुढची मंडळी जेवून झोपल्याली असत्यात."

"चुकलं असेल काहीतरी."

"असंल." काकांनी नाडी बांधली. मग जरा थांबून म्हणाले, "एक सांगू? रागवू नका. अलीकडं तुमच्या मागनं धावताना माझी लय चुकतीया. तुमचं डावं पाऊल बाहेर पडाय लागलंय. आधी न्हवतं तसं."

प्रणितानं हसून विषय बदलला. डावं पाऊल बाहेर टाकून धावायची ती केतकी.

या व्यवस्थेबद्दल तेव्हा सगळीकडं बोललं जात होतं. काही वर्षांपूर्वी दूरच्या एका शहरात शर्यत सुटतानाच चेंगराचेंगरी झाली होती. हळू धावणारे पुढं, वेगाचे मागं, आणि मधे लोखंडी कठडे. त्यानंतर चालठसा आला. कल्पना साधी होती. आवाजावरून जसं न बघता माणूस ओळखता येतं, तसंच पावलांवरूनही. टाच टेकल्यापासून अंगठा उचलेपर्यंतचा वेळ, कुठल्या पायावर भार किती, दोन पावलांमधलं अंतर, हे सगळं मिळून एका माणसाचा जो ताल होतो, तो दुसऱ्या कुणाचा नसतो. तलावाकाठच्या वाटेत, घाटरस्त्याच्या कडेला, मैदानांच्या फरश्यांत दाब ओळखणारे बारीक धागे पुरलेले होते. वर्षभर तुम्ही धावत राहायचं आणि वाट तुमचा ठसा घेत राहणार. शर्यतीच्या वेळी यंत्र ज्यांचे ताल जुळतात त्यांना एका कप्प्यात उभं करी, म्हणजे सुटताना कुणी कुणाच्या पायात येत नसे. जे कायम जोडीनं धावतात त्यांचे ताल एकमेकांत मुरलेले असतात, त्यांना ते शेजारच्या जागा देई.

चालठशाचा दुसरा उपयोग लोकांना तितकासा आवडला नव्हता. एकाच्या नंबरावर दुसऱ्यानं धावणं कायमचं बंद झालं. पूर्वी ते सर्रास चाले. गुडघा दुखला, लग्न निघालं, की छातीवरचा नंबर मित्राच्या हातात. कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. आता असा प्रकार उघड झाला की आयुष्यभराची मनाई होती, देणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही.

शर्यतीआधी होणाऱ्या ठशांच्या पडताळणीला प्रणिता नवऱ्याला घेऊन गेली. धैर्यशील नको म्हणत असताना आला. शर्यतीच्या गोष्टींपासून तो नऊ वर्षं लांबच राहिला होता. टेबलामागं तन्वीर शिकलगार नावाचा तिशीतला माणूस बसला होता. हा इथल्या यंत्राचा राखणदार, बोलण्यात सौम्य.

"मॅडम, तुमच्या नावावर दोन ठसे आहेत," तो म्हणाला. "एक तुमचा. दुसरा नऊ वर्षांपूर्वीच्या एका शर्यतीतला. तेव्हा धागे नवीन होते, फक्त चाचणीसाठी टाकलेले. तुमच्या नंबराखाली तो ठसा जमा झाला. पण तो तुमचा नाही."

"जुनं आहे ना? मग चुकीचं असणार."

"जुनं असतं तर यंत्रानं विचारलंच नसतं. मधे आठ वर्षं हा ठसा कुठंच नाही. या जूनपासून मात्र परत आहे. रंकाळ्यावर. आधी फेरीतली शंभरेक पावलं, मग अर्धी फेरी." त्यानं पडद्यावर तारीख दाखवली. "गेल्या मंगळवारी तर जवळजवळ पूर्ण फेरी या बाईंचीच आहे. तुमची पावलं अगदी थोडी."

"मंगळवारी मी एकटीच होते."

"असाल. होतं असं कधीकधी. वर्षानुवर्षं एखाद्याबरोबर धावलं की त्याचा ताल आपल्या मेंदूत बसतो. थकवा आला, मन दुसरीकडं लागलं, की पाय तो ताल धरतात. मी पाहिलंय." शिकलगारनं चष्मा काढून पुसला. "पण इतका हुबेहूब नाही पाहिला. नक्कल तिसाव्या-चाळिसाव्या पावलाला तुटतेच. ही तुटत नाही."

त्यानं बटण दाबलं. समोरच्या काळ्या फरशीवर पावलांचे ठिपके उमटत गेले. निळे डाव्या पायाचे, पिवळे उजव्या पायाचे. माणूस नाही, सावली नाही, नुसती पावलं, टेबलाकडून दाराकडं जाणारी. सोबत त्यांचा हलका आवाज. उजवं पाऊल नेटकं, डावं जरा बाहेर, आणि दर आठव्या पावलाला एक बारीकशी उडी, गाण्याच्या ओळीच्या शेवटी मान हलावी तशी.

दाराशी उभ्या असलेल्या धैर्यशीलच्या पायांशी येऊन ती पावलं थांबली. तो मागं सरला, बाजूच्या खुर्चीवर टेकला.

"ही केतकी आहे," तो म्हणाला.

मग त्यानंच शिकलगारला सांगितलं, फार दिवसांचं पाठ असलेलं सांगावं तसं. "माझी धाकटी बहीण. हट्टी होती. त्या शर्यतीत तिची नोंदणी राहिली होती, म्हणून हिचा नंबर ओढून घेऊन गेली. ही नको नको म्हणत होती. केतकीच्या हृदयाचा ठोका चुकायचा, डॉक्टरांनी सांभाळून धावायला सांगितलं होतं. तिच्या स्वतःच्या नंबराच्या कागदामागं ते लिहिलेलं असतं. हिच्या नंबरामागं शुगर, इन्सुलिन. ती चक्कर येऊन बसली तेव्हा वैद्यकीय मंडळींनी ते वाचलं आणि साखर उतरली म्हणून तोंडात साखर घातली. सावलीत बसवून ठेवली. पंधरा मिनिटांनी..." तो थांबला. "कुणाची चूक नव्हती. तिचीच."

शिकलगारनं प्रणिताकडं पाहिलं. तिनं नजर खाली घातली. नऊ वर्षांपूर्वी दवाखान्याच्या पायऱ्यांवर सासूबाईंनी विचारलं होतं, तुझा नंबर तिच्याकडं कसा? तेव्हा तिच्या तोंडून जे निघालं होतं, तेच हे. खोटं. गुडघा प्रणिताचा दुखत होता. मोठ्या शर्यतीत पुढचा कप्पा मिळायला आधीच्या एखाद्या शर्यतीतली चार तासांच्या आतली वेळ लागायची आणि ती प्रणिताला कधीच जमली नव्हती. केतकीला जमत होती. मागितलं होतं ते प्रणितानं.

धैर्यशील गाडी काढायला म्हणून उठून गेला. शिकलगार हळू आवाजात म्हणाला, "दोन वाटा आहेत, मॅडम. एक, हा ठसा कुणाचा आणि तुमच्या नंबराखाली कसा आला ते लिहून द्यायचं. मग तुम्हाला धावता येणार नाही, पण ठसा त्यांच्या नावानं राहील. दोन, मी तो पुसतो. शर्यत सुटेपर्यंत तो यंत्राच्या कोठारात राहतो, नंतर कायमचा जातो."

"पुसा," प्रणिता म्हणाली.

तिनं ते इतक्या चटकन म्हटलं की तिचं तिलाच दचकायला झालं.

त्यानंतर विचित्र दिवस सुरू झाले. दुसऱ्या सकाळी ती रंकाळ्याला तीन फेऱ्या धावली आणि घरी येऊन फोन पाहिला, तर त्यावर लिहिलं होतं, आज धाव नाही. तिला वाटलं, फोन बिघडला. तिसऱ्या दिवशीही तेच. बाबर काकांची फेरी नोंदली गेली होती, समोरून आलेल्या कॉलेजच्या पोरींची गेली होती. वाटेला फक्त तिचाच पत्ता नव्हता. ती मुद्दाम आपल्या पूर्वीच्या चालीनं धावू लागली. पण पूर्वीची चाल कशी होती? डोळे पायांवर ठेवून धावायला गेलं की अडखळायला होई आणि डोळे उचलले की पाय आपले सहज, आनंदानं, त्या दुसऱ्या चालीत शिरत. वाईट हे, की त्या चालीत धाप लागत नसे. इतकं हलकं तिला जन्मात वाटलं नव्हतं.

शर्यतीआधीच्या गुरुवारी, संध्याकाळी, धैर्यशील ओट्याशी मटार सोलत बसला होता. ती बाहेरून आली, बोळवजा पॅसेजमधून आत गेली, कपडे बदलून परत आली. त्याचे हात थांबले होते.

"परत एकदा जा," तो म्हणाला.

"कुठं?"

"आत. आणि ये. मी बघत नाही." त्यानं खरंच भिंतीकडं तोंड केलं.

"अहो, काय हे?"

"एकदाच गं."

ती गेली. आली. अनवाणी पावलांचा आवाज फरशीवर स्पष्ट वाजत होता. उजवं, डावं बाहेर, उजवं, डावं बाहेर. तिला थांबायचं होतं आणि थांबता येत नव्हतं. आठव्या पावलाला टाच जराशी उचलली गेली तसे नवऱ्याचे खांदे हलले.

"एक बोलू?" तो भिंतीलाच म्हणाला. "त्या दिवशी मला फोन आला की तुमच्या पत्नी पडल्यात, लवकर या. नंबर तुझा होता ना. मी गाडी कशी चालवली ते मला आठवत नाही. आत गेलो, चादर काढली, तर केतकी. आणि पहिल्या क्षणी मला बरं वाटलं, प्रणिता. तू नाहीस म्हणून. सख्ख्या बहिणीचा चेहरा समोर आणि मला बरं वाटलं. मग मी तिच्यावर चिडलो. चिडलेलाच राहिलो. ते सोपं होतं."

मटाराचे दाणे ताटलीत घरंगळले. प्रणितानं तोंड उघडलं. शब्द अगदी दातांपाशी आले होते. तेवढ्यात त्यानं डोळे पुसले, वळला आणि म्हणाला, "जाऊ दे. रविवारी मी येतो तुला सोडायला. या वेळी मी कठड्याशी उभा राहणार."

तो नऊ वर्षांत पहिल्यांदा येतो म्हणाला होता. तिनं ताटली पुढ्यात ओढली आणि उरलेले मटार सोलायला घेतले.

रविवारी उजाडताना मैदान माणसांनी भरून गेलं होतं. थंडीत तोंडांतून वाफा निघत होत्या. भोंग्यावरून सूचना चालू होत्या. पहिला कप्पा सुटला, दुसरा रेषेकडं सरकला. कठड्यांच्या आत प्रत्येक धावकासाठी फरशीचा एक चौकोन ठरलेला होता. त्यावर उभं राहून दोन-चार पावलं जागच्या जागी टाकायची. धाग्यांनी ओळखलं की चौकोन हिरवा उजळायचा. सगळे उजळले की कप्प्याचं फाटक उघडणार.

पाचव्या कप्प्यात प्रणिता एकशे चौदा नंबरच्या चौकोनात उभी राहिली. शेजारचा एकशे पंधरा रिकामा होता. गर्दी इतकी, की खांद्याला खांदा लागत होता. तरी त्या रिकाम्या चौकोनात कुणी पाय टाकत नव्हतं. एक धिप्पाड तरुण वळसा घालून गेला, दोन बायका तिथं येऊन थबकल्या आणि अंग चोरून पलीकडं सरकल्या. त्यांना कुणी तसं सांगितलं नव्हतं.

आजूबाजूला हिरवे चौकोन पेटत गेले. प्रणितानं पावलं टाकली. खाली अंधारच. पुन्हा टाकली. शेजारची मुलगी म्हणाली, "मावशी, जरा जोरात आपटा पाय. माझं पण लागत नव्हतं." तिनं आपटले. काही नाही. कप्पाभर हिरवा उजेड आणि त्यात एक काळा चौकोन, पडलेल्या दातासारखा.

शिकलगार कठड्यातून वाट काढत आला. हातातल्या पडद्याकडं बघत होता.

"मॅडम, तुम्ही आलेल्याच नाहीत असं दाखवतंय. जागेवर उभी असलेली व्यक्ती नोंदीत नाही म्हणतंय."

"मी इथंच तर आहे."

"चाल त्यांची आहे. पूर्ण. आणि त्यांचा ठसा तुमच्या सांगण्यावरून पुसलेला आहे." त्याचा आवाज बारीक झाला. "मला यामागचं शास्त्र विचाराल तर ते इथवरच जातं. तुमचा जुना ठसा आहे माझ्याकडं, पण तो आता कुणाशीच जुळत नाही. त्या चालीचं माणूस उरलेलं नाही."

भोंग्यावर चौथा कप्पा सुटल्याची घोषणा झाली. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ, काय अडलंय पुढं?"

"चार मिनिटं आहेत," शिकलगार म्हणाला. "मी तुमचं फाटक हातानं उघडू शकतो. तुम्ही धावा, वेळ नोंदली जाणार नाही इतकंच. रेषा ओलांडली की कोठारातला ठसाही जाईल. नाहीतर आत्ता खरं काय ते लिहून द्या, मी तो परत आणतो. मग मात्र तुम्हाला बाहेर यावं लागेल. काय करू?"

प्रणितानं पुढं पाहिलं. कमान, रस्ता, रस्त्याच्या टोकाला उजळत चाललेलं आभाळ. पाय आतून उसळत होते. त्यांना फक्त पुढं जायचं होतं, त्यांना कसलंच ओझं नव्हतं. ते आता निघाले तर बत्तिसाव्या किलोमीटरपर्यंत थांबणार नाहीत, हे तिला हाडांत कळलं. आणि तिथं पोचल्यावर काय, ते मात्र कळेना. छातीत काहीतरी फडफडून गेलं. एक ठोका चुकला. शुगरचा त्रास तिला वीस वर्षं होता, हा नव्हता.

तिनं उजवीकडं पाहिलं. कठड्यापलीकडं, बघ्यांच्या पहिल्या रांगेत, धैर्यशील उभा होता. काखेत तिचं जाकीट. तिनं पाहिलं हे बघून त्यानं हात वर केला आणि मग त्याचं लक्ष तिच्या पायांखालच्या काळ्या चौकोनाकडं गेलं. हात तसाच अर्धवट राहिला.

"थांबा," ती शिकलगारला म्हणाली आणि माणसांमधून आडवी निघाली. लोक कुरकुरले. कुणाचा तरी धक्का लागला, कुणाची पाण्याची बाटली पडली. कठड्यापाशी जाऊन तिनं दोन्ही हातांनी गार लोखंड धरलं.

"काय झालं?" धैर्यशीलनं विचारलं. "बरं वाटत नाही का? बिस्किट देऊ?"

"नको."

"मग? अगं, सुटेल की आता."

"सुटू दे." तिला धाप लागली होती. किती तरी दिवसांनी लागली होती. "तुम्ही तिच्यावर चिडू नका. नऊ वर्षं तुम्ही चुकीच्या माणसावर चिडलाय."

मागं पाचव्या कप्प्याचं फाटक करकरलं.

"केतकीनं नंबर मागितला नव्हता," प्रणिता म्हणाली. "तिची नोंदणी झालेली होती, तिचा नंबर तिच्या पिशवीत होता. मला पुढचा कप्पा हवा होता म्हणून मी माझा तिच्या छातीवर लावला. चारही पिना मी लावल्या. ती नको म्हणत होती. सकाळपासून धडधडतंय वहिनी, आज राहू दे, असं दोनदा म्हणाली. मी ऐकलं होतं, अहो. दोन्ही वेळा नीट ऐकलं होतं, आणि तिला म्हटलं, गात जा, म्हणजे कळणार नाही."